मधल्या भिंतीतली खिडकी

टेलरबाईंनी पेनचं टोपण काढलं आणि बाहीला चिकटलेले दोरे झटकले.

"कुठे करू सही? तिकडे एक कोट काजांसाठी खोळंबलाय."

"आधी तुमचं पूर्ण नाव सांगा," वकील म्हणाले.

शेजारच्या बुकबाइंडरच्या दुकानात, खळीच्या भांड्याशेजारी, बाइंडरच्या मृत्युपत्राचे कागद पसरले होते. पुढच्या आठवड्यात त्यांचं ऑपरेशन होतं. काल त्यांनी मधल्या भिंतीतल्या खिडकीतून डोकं आत घालून बाईंना विचारलं होतं, "साक्षीला याल? माझं डोकं ठिकाणावर आहे, हे तुमच्याइतकं छातीठोकपणे कोण सांगणार?"

"नेमकं तेच सांगता येणार नाही," बाई हसल्या होत्या. त्यानंतरची शिलाई मात्र तिरकी गेली, सगळी उसवावी लागली. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून काढली आणि वाट्याला आलं काय, तर साक्ष.

बाईंच्या आतल्या खोलीला त्या खिडकीखेरीज उजेड नव्हता. भिंत फोडून ती काढली बाइंडरनीच. हवा खेळती राहावी म्हणून, असं ते म्हणत. बाइंडरचं दुकान त्यांच्या पुतण्याला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. परवा तो टेप घेऊन भिंत मोजून गेला. "ही खिडकी बुजवली की कपाटं मस्त बसतील, काका!"

काकांनी खळीत कुंचला बुडवला. बाईंनी पलीकडून ऐकलं. कुठल्या नात्यानं बोलणार?

आता बाईंनी पूर्ण नाव सांगितलं. वकिलांचा हात थबकला. त्यांनी मागचं पान काढून पाहिलं आणि ते बाइंडरकडे वळले.

"म्हणजे या त्याच? अहो, तुम्ही तर म्हणालात, शेजारच्या टेलरबाई येतील साक्षीला!"

"मग? याच शेजारच्या टेलरबाई."

वकिलांनी कपाळाला हात लावला. "पेन ठेवा, बाई. मृत्युपत्रात ज्याला काही ठेवलंय, त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. तुम्ही सही केलीत तर तुमच्यासाठी ठेवलेलं बाद होईल."

"माझ्यासाठी? काय ठेवलंय?"

बाइंडर खळ ढवळू लागले. ती ढवळायची काहीच गरज नव्हती.

"खिडकी," ते म्हणाले. "दुकान पुतण्याचं. पण तुम्ही शिवताय तोवर ती कुणी बुजवायची नाही."

बाईंनी टोपण लावलं. ते पहिल्या खेपेला बसलं नाही.

"हवा खेळती राहावी म्हणून?"

बाइंडरनी कुंचला भांड्याच्या काठावर निथळवला. सावकाश.

"हो. हवा."

दुसरे साक्षीदार, कोपऱ्यावरचे औषधवाले, इतका वेळ छताकडे बघत होते. "आमच्या हिलाच आणतो सहीला," म्हणत ते घाईनं बाहेर पडले.

बाई आपल्या खोलीत येऊन बसल्या. कोट मांडीवर ओढला, सुई उजेडात धरली. पलीकडे खुर्च्या सरकल्या, सह्या झाल्या, औषधवाल्यांची बायको कशाला तरी हसली, मग माणसं गेली.

खिडकीत बाइंडरचं डोकं आलं.

"दिसतंय ना नीट?"

"दिसतंय की," बाई म्हणाल्या.

सुईत दोरा अजून गेला नव्हता.