राहिलेली दारं

मस्कतहून मुंबईला यायला विमानाला जेवढा वेळ लागला, त्याच्या कितीतरी पट वेळ मला चाळीसगावहून धुळ्याला पोचायला लागला. नकाशात ही दोन गावं शेजारी-शेजारी आहेत. एसटीत बसलं की दीड-दोन तासांत माणूस धुळ्यात. पण नकाशा काढणाऱ्याला भावकी नसावी.

साल एक्क्याण्णव. मस्कतच्या इंडियन स्कूलमधून मी नुकतीच बारावी झाले होते. भाऊ, म्हणजे माझे वडील अभिमन पाटील, तिथं पाणीपुरवठ्याच्या एका कंपनीत पंप सांभाळायचे. धुळ्याकडं गिरणा-पांझरा शिक्षण मंडळानं नवं मेडिकल कॉलेज काढलं होतं आणि परदेशात राहणाऱ्यांच्या मुलांसाठी त्यात मोजक्या जागा ठेवल्या होत्या. अट अशी, की बाप आणि मुलगी दोघांनी मुलाखतीला समक्ष हजर राहायचं. गुरुवारी सकाळी अकराला. बाकी सगळीकडून मला नकार आलेला होता. इथली कॉलेजं म्हणत, तुम्ही तिकडचे, आणि तिकडं तर आम्ही इकडचेच. ही मुलाखत हुकली असती तर मस्कतला परत जाऊन टायपिंग शिकायचं आणि स्थळाची वाट बघायची, एवढंच माझ्या हातात उरत होतं.

मंगळवारी पहाटे चाळीसगावला उतरलो. मी बॅग ओढत धुळ्याच्या गाडीकडं निघाले आणि मागं वळून बघते तर भाऊ भडगावच्या गाडीच्या पायरीवर उभे.

“एकच रात्र,” ते म्हणाले. “गाव टाळून पुढं कसं जायचं, हेमा? नाना काय म्हणतील?”

नाना म्हणजे कौतिकनाना, भाऊंचे थोरले भाऊ. ते काय म्हणतील, या एका प्रश्नावर आमच्या घरातले सगळे निर्णय व्हायचे, समुद्रापलीकडं राहूनसुद्धा. मी मुकाट्यानं भडगावच्या गाडीत चढले.

फाट्यावर नाना बैलगाडी घेऊन आले होते. भाऊ पाया पडले, मी पडले. मला वाटलं आता मुलाखतीचं विचारतील. नानांनी कासरा हातात घेतला आणि म्हणाले, “घर मंग. पहिले दारवर जानं पडी.”

कुणाच्या घरी माणूस गेलं की तिथं जाऊन बसायचं, याला आमच्या खानदेशात दारवर जाणं म्हणतात. त्याला मुदत नसते. तुम्ही दहा वर्षांनी उगवलात तरी राहिलेलं दार तुमची वाट बघत असतं. भाऊ चार वर्षांनी येत होते, आणि तेवढ्यात भावकीतली सात-आठ माणसं गेली होती. ती दारं झाल्याशिवाय चांगल्या कामाला निघायचं नाही, असं नानांनी ठरवून टाकलं होतं. म्हणजे माझं मेडिकल आता या दारांच्या पलीकडं होतं.

पहिलं दार झिपरूकाकांचं. आम्ही ओट्यावर पोचताच आतून बायकांनी गळा काढला. भाऊ सतरंजीवर बसले, मी बायकांत. मग सगळे गप्प. मग घरच्या माणसानं, गेलेलं माणूस कसं गेलं ते पहिल्यापासून सांगायचं. थोडक्यात सांगायची पद्धत नाही. झिपरूकाकांच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, डोळे पुसून सुरुवात केली.

“सकायले उठनात. चहा लिधा. भाकर खादी. मंग म्हने छातीम्हा दुखस. खाटवर पडनात. आम्ही गाडी जुपी. पन डाक्टर बुधवारना, आनि तो व्हता सोमवार.”

मला कळेना. नंतर नानांनी सांगितलं. बुधवारी गावचा बाजार, आणि तालुक्याहून डॉक्टर फक्त बाजाराच्या दिवशी यायचे. इतर दिवशी गिरणा ओलांडून भडगाव गाठायचं.

मग चहा आला. पाकातून चहा काढावा इतका गोड. नको म्हणायची सोय नाही, दारवरचा चहा नाकारत नाहीत.

दुसऱ्या दारी भावकीतल्या वना पाटलाची बायको बाळंतपणात गेली होती. तिथंही सकाळपासून सुरुवात झाली, तिथंही नदीला पूर होता आणि तिथंही डॉक्टर बुधवारचा. तिसऱ्या दारी ताप. चौथ्या दारी साप. कहाणी कुठूनही निघो, फिरून त्या बुधवारापाशी यायची आणि संपायची. सांगणारी माणसं अगदी शांत. जणू जाणाऱ्याचंच चुकलं, त्यानं वार बघून आजारी पडायला हवं होतं. मला आतून नुसतं चिडायला होत होतं. अरे, निदान एकदा तरी कुणीतरी चिडा!

त्यात भाऊंनी कुठंतरी बोलून ठेवलं होतं की पोरीला डॉक्टर करायची आहे. झालं. रडणं आटोपलं की बायका माझ्याभोवती गोळा व्हायच्या. कुणी गुडघा पुढं करायची, कुणी डोळ्याची पापणी ओढून दाखवायची.

“अहो, मला अजून प्रवेश मिळालेला नाही,” मी सांगायची.

“मिळी, मिळी,” असं म्हणून समोरची जीभ बाहेर काढायची.

मंगळवार असा गेला, बुधवारही गेला. संध्याकाळी मी बॅग भरून दारात उभी राहिले, तर नाना म्हणाले, “एक दार राह्यनं.” ते दार नाल्यापलीकडच्या मळ्यात होतं, आणि आता अंधारात तिथं जायचं नाही. सकाळी जाऊ, तिथूनच पुढं पहिली गाडी पकडू.

सकाळी गेलो. सांगणारे म्हातारे आजोबा, एकेका शब्दाला बिडीचा एक झुरका. त्यांची बहीण गेली होती, आणि आजोबांनी सुरुवात केली ती तिच्या लग्नापासून. नाल्यापलीकडच्या रस्त्यावरून एसटी जाताना मला दिसली. तिच्यामागं उडालेली धूळही दिसली. आजोबा अजून बहिणीच्या पहिल्या बाळंतपणापर्यंतच आले होते.

बाहेर पडल्यावर माझा तोल गेला. मी नानांवर ओरडले, “माझी मुलाखत गेली ना, तर मी तुमच्याच दारवर येऊन बसेन!”

मस्कतमध्ये वाढलेल्या पोरीला त्या शब्दाचं वजन ठाऊक नव्हतं. मला म्हणायचं होतं की अडून बसेन. पण दारवर बसायला कुणीतरी मेलेलं असावं लागतं. भाऊंचा चेहरा पांढरा पडला. मळ्यातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. नानांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना हसू फुटलं.

“येजो,” ते म्हणाले. “पन डाक्टर व्हईसन येजो.”

मग त्यांनीच रस्त्यावर आडवं उभं राहून केळीचा एक ट्रक थांबवला. ड्रायव्हर, मी, भाऊ आणि माझी बॅग असे पारोळ्यावरून धुळ्याला निघालो. परकरापासून वेणीपर्यंत केळीच्या पानांचा वास घेऊन मी अकराच्या आत कॉलेजच्या कचेरीत उभी राहिले. आयुष्यात एवढं समाधान मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते अर्धं मिनिट टिकलं.

“अध्यक्षसाहेब नाहीत,” कारकून म्हणाला. “दारवर गेलेत. धरणगावला.”

मी भिंतीला टेकून मटकन खाली बसले. भाऊंनी मात्र समजून मान हलवली. “जाणंच पडतं,” ते म्हणाले. त्या क्षणी मला बापाचा जेवढा राग आला, तेवढा नंतर कधीच आला नाही.

अध्यक्ष आबासाहेब आले तेव्हा उन्हं उतरली होती. थकलेले दिसत होते. पाच-सहा मुलं मुलाखतीला होती, माझा नंबर शेवटचा. आत आणखी दोघं प्राध्यापक होते, पण ते घड्याळाकडं बघत होते. आबासाहेबांनी विचारलं, मस्कतला ऊन कसं असतं. समुद्राचं पाणी खरंच पितात का. भाऊ उत्साहानं पंपांची माहिती देऊ लागले. शरीरशास्त्राची सगळी उत्तरं पाठ करून आलेली मी तशीच बसून राहिले.

शेवटी आबासाहेब माझ्याकडं वळले. “शिकशील आणि परत तिकडंच जाशील. तुम्ही सगळी मुलं तेच करता. मग ही जागा तुला कशाला द्यायची?”

खरं सांगायचं तर बेत तोच होता. शिकायचं आणि पहिल्या विमानानं परत. यावर एक छानसं इंग्रजी उत्तरही मी तयार ठेवलं होतं, देशसेवा वगैरे. पण तीन दिवसांचा चहा माझ्या डोक्यात चढला होता.

“तुम्ही आज दारवर जाऊन आलात ना?” मी म्हणाले. “तिथं काय सांगितलं ते मी सांगू? सकाळी उठले. चहा घेतला. कसंतरी होतंय म्हणाले. गाडी जुंपली, पण डॉक्टर नव्हता. हेच ना? सगळीकडं हेच! आमच्या गावात माणसानं आजारी पडायचं ते बुधवारी, नाहीतर मरायचं. आणि कुणाला त्याचा राग म्हणून येत नाही! सगळे चहा पितात आणि पुढच्या दारी जातात!”

भाऊंनी टेबलाखालून माझा हात दाबला. प्राध्यापकांनी घड्याळाकडं बघणं सोडलं. आबासाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

“बहीण होती माझी,” ते म्हणाले. “बैलगाडी नव्हती, मोटार होती दारात. डॉक्टर लग्नाला गेलेले.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, “मग तू येशील का? त्या तुझ्या गावी? बुधवार सोडून बाकीचे दिवस?”

“येईन,” मी म्हणाले.

त्यात त्याग नव्हता, विचार नव्हता, नुसता संताप होता. भाऊ माझ्याकडं बघत राहिले. गावाकडच्या माणसांपुढं बोललेला शब्द परत घेता येत नाही, हे त्यांना माझ्या आधी कळलेलं होतं.

जागा मिळाली. शिकले. इंटर्नशिप संपली तेव्हा मस्कतच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं, आणि त्याच आठवड्यात नानांचा निरोप आला की घराला लागून खोली बांधली आहे, दार कोणत्या दिशेला ठेवू ते सांग. काय बोलणार? पूर्वेला ठेवा, मी कळवलं.

तेव्हापासून मी इथंच आहे. मी जेवायला बसले की पेशंट येतो. सर्दीलाही सुई हवी असते, आणि सुई दिली नाही तर डॉक्टरीण शिकलेली नाही असं ठरतं. बाजाराच्या दिवशी कुणी फिरकत नाही, कारण त्या दिवशी बाजार असतो. रागाच्या भरात माणूस एक शब्द बोलून बसतं आणि मग वर्षानुवर्षं चरफडत राहतं, त्यातली मी.

गेल्या पावसाळ्यात नाना गेले. मोठ्या माईनं, म्हणजे नानांच्या बायकोनं, हाक मारली तशी मी हातातला घास टाकून धावले. गोळी जिभेखाली दिली, इंजेक्शन दिलं, छाती दाबून दाबून माझे हात भरून आले. मला जे जे येत होतं ते सगळं केलं. नाना थांबले नाहीत.

मग सतरंजी पडली आणि लोक येऊ लागले. भाऊ मस्कतहून येईपर्यंत आणि आल्यावरही, मी मोठ्या माईजवळ बसून होते. आलेल्या प्रत्येकाला ती पहिल्यापासून सांगायची, आणि ती जागा जवळ आली की मला तिथून उठून पळावंसं वाटायचं.

“सकायले उठनात. चहा लिधा. म्हने जीव घाबरा व्हस. खाटवर पडनात.” इथं ती थांबायची, मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची. “सोमवार व्हता. पन आम्हनी डाक्टर घरम्हाच व्हती.”

मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं, असून काय उपयोग झाला? वाचवलं कुठं मी? पण समोरचं माणूस मान हलवायचं.

“मंग बरं शे,” ते म्हणायचं, आणि चहाच्या कपाला हात घालायचं.

माझ्याही पुढं कप असायचा. मी तो उचलायची आणि प्यायची, पाकासारखा गोड, शेवटच्या घोटापर्यंत.