खंडेनवमीचा कॉम्प्युटर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात सगळ्यात कामचुकार कोण, असं कुणी विचारलं असतं, तर रुपालीनं ऑफिसातल्या कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं असतं. सकाळी बटण दाबावं, यंत्रमागांवरनं एक फेरी मारून यावी, चहा प्यावा, तरी स्क्रीनवर ते चक्र फिरतंच असायचं. बिलं बनवणारी ती एकटी, त्यामुळं माल भरून टेम्पो खोळंबला की ड्रायव्हरची बोलणी तिलाच. या नोकरीकडून तिची एकच मागणी होती, नवा कॉम्प्युटर. कारखान्याचे मालक भीमाशंकरशेठ यांचं उत्तर मात्र ठरलेलं.

"बंद पडू दे की. पडला की लगेच नवा."

म्हणून रुपाली त्याच्या मरणाची वाट बघत होती, आणि मेला मरत नव्हता.

श्रावणात तो रोज मध्येच गोठायला लागला, तेव्हा तिला जरा बरं वाटलं. तेवढ्यात शेठच्या पुण्याच्या जावयानं फोनवर सांगितलं की विंडोज काढून लिनक्स टाका, जुन्या मशीनवर छान चालतं आणि फुकट असतं. त्यातलं 'फुकट' शेठला नीट ऐकू आलं.

"रुपाली, ते लिनक्स टाक बघू."

"मला न्हाय येत, शेठ."

"न्हाय जमलं तर नवा घिऊ की."

म्हणजे आता फक्त न जमवायचं होतं. पण काम बिघडवायला तिचा हात वळेल तर ना! तिनं आधी सगळी बिलं पेनड्राइव्हवर घेतली. मशीन पेनड्राइव्हवरनं सुरू व्हायला तयार होईना, तर तिनं बाहेरनं सीडी बनवून आणली. सीडीचा कप्पा उघडेना, तर बांगडीतली सेफ्टी पिन घालून उघडला. पहिलं लिनक्स त्याला झेपलं नाही, तर हलकं शोधून काढलं. कॉम्प्युटरचा डबा उघडून आतला कापसाचा थर ब्रशनं झाडला. शेवटी स्वच्छ निळा स्क्रीन समोर आला तेव्हा ती एकटीच हसली. मग आपण काय करून बसलो ते तिच्या लक्षात आलं.

कॉम्प्युटर पळायला लागला. रुसून बसलेला जुना प्रिंटरही कामाला लागला. शेठ येईल त्याला कौतुक सांगत, आणि रुपालीही नकळत 'आमचा कॉम्प्युटर' म्हणू लागली. तापू नये म्हणून तिनं डब्याचं झाकण काढूनच ठेवलं.

खंडेनवमीला माग बंद ठेवून, पुसून त्यांची पूजा झाली. हळदकुंकू, झेंडू, आणि प्रत्येक मागावर नारळाच्या पाण्याचे चार थेंब. ऑफिसात आल्यावर शेठ म्हणाले, "ह्याला चालूच ठेव. पाव्हण्यांना बघू दे." चार थेंबांवर त्यांचं समाधान झालं नाही. अख्ख्या नारळाचं पाणी त्यांनी उघड्या डब्यावर ओतलं, आणि स्क्रीन काळा झाला.

शेठनी हात जोडले. "पूजा घिऊन गेला बघ. लई पुण्यवान." त्यांनी तिथंच दुकानदाराला नव्याची ऑर्डर दिली.

इतकी वर्षं मागितलेलं मिळालं होतं, पण रुपालीनं आधी डोळे पुसले. लोखंडी डब्यासाठी डोळे भरावेत, याची तिला लाजच वाटली. तिनं प्लग काढला, कारखान्याचाच नवा टॉवेल घेऊन पाणी टिपलं, आतले भाग स्पिरिटनं पुसले आणि डबा गच्चीवर उन्हात ठेवला.

दसरा झाल्यावर कामावर येताच तिनं तो खाली आणून जोडला. नुसतं बघावं म्हणून. पंखा घरघरला. निळा स्क्रीन उजळला.

"झाला की सुरू," मागं उभे असलेले शेठ म्हणाले.

"व्हय, झाला!" ती म्हणाली. तिचा आनंद लपत नव्हता.

"मग दुकानदाराला फोन लाव. म्हणावं, नवा नको."

रुपालीनं फोन लावला, आणि पलीकडून उचलेपर्यंत आजची बिलं छापून घेतली.