नऊ ग्रॅमचा क्रूस

सावा नदीच्या पोटातून निघालेला काळा ओक वाळायला घाई करत नाही, आणि मिलुंकाही त्याच्या मागे लागत नसे. रेती उपसणाऱ्यांनी काठावर फेकलेली खोडं ती गाडीवर घालून आणी, कापी, आणि दर सोमवारी एकेक तुकडा काट्यावर ठेवून त्याच्या पाठीवर पेन्सिलीने वजन लिही. दोन सोमवार आकडा हलला नाही की लाकूड वाळलं. मग त्याचे मणी, अंगठ्या, डूल. गावात कोण किती थापा मारतं हे तिला पाठ होतं. विश्वास तेवढा काट्यावर.

या वेळी क्रूस करायचा होता, नणंद स्तामेनासाठी. तिचा मुलगा व्हिदोसाव अकरा वर्षांपूर्वी वळणावरच्या डोहात गेला तो हाती लागलाच नाही. तेव्हापासून ती रोज त्याचं ताट मांडत होती. आता एकदाची कबूल झाली: शनिवारी शवपेटीत त्याचा सूट ठेवायचा आणि पुरायचा. सुटाच्या गळ्यात क्रूस हवा, त्याच डोहातल्या लाकडाचा.

"ओलं लाकूड वापरलंस तर चिरेल हं, वहिनी."

"वन्सं, माझ्या हातचं कधी चिरलंय?"

"माझी अंगठी."

"ते तुमचं बोट सुजलं म्हणून. लाकडाला कशाला बोल लावता?"

सोमवारी क्रूस पुरा झाला. नऊ ग्रॅम. बुधवारी अकरा भरला. जवसाचं तेल जास्त प्यायला असेल, असं म्हणून तिने तो पुसला आणि चुलीवरच्या फळीवर ठेवला. गुरुवारी चौदा. शेजारचे मणी, त्याच खोडाचे, जिथल्या तिथे. तिने क्रूस मोजपट्टीला लावला. लांबी-रुंदीत केसाचाही फरक नव्हता.

"काटा बिघडलाय," नवरा दोब्रिवोये म्हणाला, आणि आपली लग्नाची अंगठी त्यावर ठेवली. अंगठी बरोबर भरली. मग त्याने क्रूस ठेवला. सकाळचे चौदा आता चाळीस झाले होते. त्या रात्री जेवताना त्याने एकही विनोद केला नाही.

मिलुंकाने दुसऱ्या लाकडाचा, तसाच दिसणारा, हलका क्रूस शोधून काढला. अकरा वर्षांनी बाई मुलाला सोडायला तयार झाली होती. या प्रकाराने पुन्हा ताट मांडायला बसली तर?

शुक्रवारी स्तामेना आली. हलका क्रूस तळहातावर घेतला आणि परत दिला.

"हा नाही."

मिलुंकाने फळीकडे बघायचं टाळलं. स्तामेना स्वतःच तिकडे गेली. खरा क्रूस उचलला तसा तिचा हात खाली गेला. दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागला.

"जड आहे, वन्सं. का ते मला विचारू नका."

"असणारच जड. सहा फुटांचा होता."

तिने तो शालीत बाळासारखा धरून नेला.

शनिवारी पेटीत सूट, कागद भरलेले बूट आणि क्रूस. "दोघं पुरेत," दोब्रिवोये म्हणाला. दोघांनी हात घातला, पेटी हलली नाही. चौघे आले. मग अंगणातून आणखी दोघांना हाक मारली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मिलुंकाने वाहणाऱ्यांच्या वाकलेल्या गुडघ्यांवरून सवयीने अंदाज बांधला, ऐंशी किलोच्या आसपास.

बायका रडत होत्या. स्तामेना रडत नव्हती. घरातलं ताट तिने सकाळीच उचललं होतं. आता ती दाराशी उभी राहून वाहणाऱ्यांना सांगत होती, "जरा वाका. चौकट खाली आहे, डोकं आपटेल त्याचं."