मला कोट घातला तो दिवस

मी एक जुना रेडिएटर आहे; बिडाचा, सात फासळ्यांचा, आणि इतका जड की मला घरात आणणाऱ्या माणसांनी वाटेत दोनदा खाली टेकवून शिव्या घातल्या होत्या. मित्रांनो, खिडकीखाली भिंतीला टेकून उभं राहायचं, अंगातून गरम पाणी वाहू द्यायचं आणि खोली उबदार ठेवायची, एवढंच माझं काम. ऐकायला फार मोठं वाटत नाही. पण आमच्या गावात हिवाळा ऑक्टोबरात येतो आणि मे महिन्यात, तोही नाइलाजाने, जातो. तेव्हा माझ्या कामाला हसू नका.

माझा जन्म उरल डोंगरातल्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं बीड साच्यात ओतलं आणि मी झालो. इतका गरम मी पुन्हा कधीच झालो नाही, आणि होऊही नये. तिथून मालगाडीने मला या गावात आणलं. इथे तेव्हा पाच मजली इमारती उभ्या राहत होत्या. काँक्रीटच्या तयार भिंती यायच्या, क्रेन त्या उचलायची आणि खोक्याला खोकं जोडावं तशी घरं जोडली जायची. आज या इमारतीकडे पाहून लोक नाक मुरडतात, पण मी तिचा पहिला दिवस पाहिला आहे. त्याआधी ही सगळी माणसं बराकीत राहायची, एका चुलीभोवती अनेक संसार. स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं म्हणून बायका दारात उभ्या राहून रडल्या होत्या.

माझ्या घरात आली ती कापितोलिना प्रोखोरोव्हना. पावाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होती. तेव्हा ती तरुण होती. आता सगळा जिना तिला कापाकाकू म्हणतो. खोलीत शिरल्याबरोबर तिने माझ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "बाई गं! लाकूड नाही, राख नाही, धूर नाही, नुसती ऊब!" तिच्या डोळ्यांतलं ते नवल मी अजून विसरलेलो नाही.

नवल मलाही वाटायचं, ते पाण्याचं. नदीपलीकडच्या बॉयलरघरातून ते निघतं, एका नळाने सरळ सगळ्यात वरच्या मजल्यावर चढतं, तिथे वळतं आणि मग एकेका घरातल्या रेडिएटरमधून खाली उतरत शेवटी माझ्याकडे येतं. माझ्यापर्यंत पोचेतो त्या पाण्याने चार घरं गरम केलेली असतात. म्हणजे सगळ्यात वर राहणाऱ्या म्हाताऱ्या लुक्यानिचची खोली, त्याच्याखालच्या आल्सूची खोली, माझी खोली, सगळ्यांचं पाणी एकच. एकमेकांशी न बोलणारी माणसंसुद्धा एकाच उबेत झोपतात. याचा विचार केला की मी आजही थक्क होतो.

किती वर्षं काम केलं म्हणून सांगू! बर्फात खेळून आलेल्या पोरांचे हातमोजे माझ्यावर वाळले. वसंतात भांड्यातली कणीक माझ्या कुशीत फुगली, शरदात अळंब्यांच्या माळा माझ्या डोक्यावर सुकल्या. मांजरांच्या चार पिढ्या माझ्या पाठीवर झोपल्या, आणि एकाही मांजराने कधी आभार मानले नाहीत. कापाकाकू मात्र दर काही वर्षांनी मला रंग लावायची. माझ्या अंगावर रंगाचे इतके थर आहेत की आतला बिडाचा मी मलाच आठवत नाही.

मग इमारत म्हातारी झाली. छत गळायला लागलं. भिंतींचे सांधे उघडले आणि त्यांतून वारा शिट्टी घालू लागला. जिन्यातला दिवा गेला तो गेलाच. तळघरात गरम पाण्याचं डबकं साचलं आणि भर हिवाळ्यात तिथून डास वर यायला लागले. दुरुस्तीचं विचारलं की उत्तर एकच, "पुढच्या वर्षी." लोक कागदाच्या पट्ट्या साबणाने चिकटवून खिडक्यांच्या फटी बुजवायचे आणि मला नावं ठेवायचे, "हा म्हातारा नुसता कोमट!" मित्रांनो, मला राग यायचा. मिळतं तेवढंच मी देतो, पदरचं कुठून आणू?

गेल्या हिवाळ्यात अंगणापलीकडच्या इमारतीतलं पाणी थांबलं. थांबलेलं पाणी गोठलं, गोठलेल्या पाण्याने नळ फोडले. पायऱ्यांवरून बर्फाचा ओघ उतरून तसाच राहिला. माणसांना बोचक्यांसकट बसमध्ये घालून कुठल्याशा वसतिगृहात नेलं. कोणी परत आलं नाही. त्या खिडक्या आता अंधाऱ्या आहेत, आणि माझे भाऊ आत पोटं फुटून उभे आहेत. तेव्हापासून आमच्या जिन्यातला प्रत्येक जण सकाळी उठला की आधी रेडिएटरला हात लावून बघतो. आपली पाळी कधी येईल, हे भय सगळ्यांच्या मनात होतं.

आमच्या डोक्यावर ग्लेब राहतो. दूर उत्तरेला वायूच्या विहिरींवर कामाला जातो, महिना-महिना तिथेच असतो. पूर्वी जाताना घराची किल्ली कापाकाकूकडे ठेवायचा. पण एकदा त्याने भिंतीला भोकं पाडायचं यंत्र सुरू केलं आणि काकूने आपल्याकडच्या सगळ्यांसारखंच केलं: पळी घेऊन माझा नळ बडवला. आमच्या इमारतीत राग असाच वर पाठवतात.

ग्लेब खाली आला. "काकू, माझ्या घरात मी काय करायचं ते मी ठरवीन."

"घर तुझं रे, नळ सगळ्यांचा आहे!"

"मग सगळ्यांच्या नळाला कशाला मारता?"

तेव्हापासून किल्ली बंद, बोलणंही बंद. शरदात त्याने आपला बिडाचा रेडिएटर काढून टाकला. माझा तो भाऊ पायऱ्यांवरून टणटण आपटत गेला, तो आवाज मला आरपार लागला. त्याच्या जागी पांढराशुभ्र, चपटा, चकचकीत पाहुणा आला, दोन्ही बाजूंना दोन कॉक. लुक्यानिचने जिन्यात विचारलं होतं, "पोरा, बाजूने वळसा घालणारा नळ ठेवलास ना? कॉक बंद केलास तरी खालच्यांना पाणी जायला हवं."

"आजोबा, तो भिंतीवर फार वाईट दिसतो," ग्लेब म्हणाला.

जानेवारीत थंडी अशी पडली की श्वास गोठून त्याचे कण हवेत चुरचुरायला लागले. ग्लेब आदल्या रात्रीच कामावर गेला होता. त्या सकाळी कापाकाकूने माझ्यावर हात ठेवला आणि झटकन काढला. मी थंड होतो. चाळीसहून जास्त हिवाळ्यांत पहिल्यांदाच माझ्या पोटात पाणी नुसतं उभं होतं.

घटकाभरात सगळे जिन्यात जमले. लुक्यानिच जाड लोकरी नमद्याचे बूट घालून खाली उतरला. "बॉयलरघर चालू आहे, शेजारच्या जिन्यात गरम आहे. म्हणजे अडलंय ते आपल्यातच." एकेक घर तपासलं. कुलूप होतं ते फक्त ग्लेबच्या दाराला.

"त्याने कॉक बंद केलेत," आल्सू म्हणाली. ती दवाखान्यात परिचारिका आहे, बोलते थोडं आणि नेमकं. "आणि दार लोखंडी आहे."

"दुसऱ्याचं दार तोडायचं? पोलीस आपल्यालाच नेतील," कोणीतरी म्हणालं. दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. सगळ्या गावात नळ फुटत होते, संध्याकाळपर्यंत कोणी येणार नव्हतं. आणि संध्याकाळपर्यंत पाणी गोठलं असतं. हे प्रत्येकाला माहीत होतं, कोणी तोंडाने म्हणत नव्हतं. सगळे अंगणापलीकडच्या त्या अंधाऱ्या खिडक्यांकडे बघत होते.

तेवढ्यात कापाकाकू खोलीत आली. खुंटीवरचा आपला लोकरी कोट काढला, पावाच्या कारखान्याने निवृत्तीला दिलेला, आणि माझ्या खांद्यांवर घातला. वर गुंड्याही लावल्या. "आल्सू, किटली ठेव! गॅस आहे ना अजून? फडकी भिजवून नळाला गुंडाळा. केस वाळवायचं यंत्र कोणाकडे आहे?"

मित्रांनो, पुढे जे झालं ते पाहून मी अवाक झालो. गोधड्या आल्या, शाली आल्या, लहान मुलांची जाकिटं आली. घरोघरी किटल्या शिट्ट्या घालू लागल्या. आल्सूने गरम पाण्याच्या रबरी पिशव्या माझ्या फासळ्यांत खोचल्या. जिन्यातून जाणाऱ्या नळाला तिने आपला केसाळ कोट बांधला आणि स्वतः नुसत्या स्वेटरमध्ये उभी राहून दात वाजवत राहिली.

"आजोबा, तुमची टोपी कुठंय?" तिने लुक्यानिचला विचारलं.

"कोपऱ्यातल्या सांध्याला घातलीये. त्याला जास्त गरज आहे, मला केस तरी आहेत."

"कुठे आहेत?"

"असतील कुठेतरी!"

सगळे हसले. थंडीने निळी पडलेली माणसं हसत होती! आयुष्यभर मी त्यांना ऊब दिली, असा मला गर्व होता. त्या दिवशी ती कोटाविना उभी होती आणि मी कोट घालून बसलो होतो. माझ्या बिडाच्या छातीत काय झालं ते मला शब्दांत सांगता येत नाही.

दुपारी एकदाचा आल्सूचा फोन ग्लेबला लागला. तिने तो काकूच्या हातात दिला. काकूने तो कानाला लावला. "ग्लेब, मी कापाकाकू बोलतेय."

"आता काय झालं? मी घरात नाही, भोकं पाडत नाहीये. नळ बडवू नका!"

"बडवतेय कुठे रे? नळाला शाल गुंडाळतेय. जाताना कॉक बंद केलेस का?"

पलीकडे वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "केले. दोन्ही. नवीन रेडिएटर आहे, माझ्या मागे गळला तर पाणी तुमच्या डोक्यावर येईल, म्हणून केले."

काकू माझ्याशेजारी टेकली. "म्हणजे माझ्यासाठी केलंस होय?"

"काकू... पाणी थांबलं का?"

"थांबलंय."

"तोडा दार. आत्ताच्या आत्ता तोडा!"

कोणीतरी लोखंड कापायचा ग्राइंडर आणला, त्याच्या ठिणग्या जिन्यात उडाल्या. दार वाकलं. कॉक उघडले. सगळे आपापल्या रेडिएटरपाशी धावले आणि कान लावून बसले. काही नाही. थांबलेल्या पाण्यात हवा साचली होती, आणि ती काढायची जागा फक्त सगळ्यात वर, लुक्यानिचच्या खोलीत. म्हातारा एकेक पायरी धाप टाकत चढला. लोणच्याची रिकामी बरणी आणि पेचकस घेऊन तो गुडघ्यांवर बसला असणार, दर शरदात बसतो तसाच. आम्ही खाली वाट पाहत राहिलो. बाहेर उजेड संपत आला होता. काकू ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होती.

मग वरून नळावर आवाज आला. टण्. टण्. टण्. तो रागाचा नव्हता. आणि त्याच्यामागून पाणी आलं. लुक्यानिचकडून आल्सूकडे, आल्सूकडून खाली, ग्लेबच्या रिकाम्या घरातून, गुळगुळ करत, एकेक खोली उतरत ते माझ्यात शिरलं. माझी पहिली फासळी तापली, मग दुसरी. वरच्या मजल्यांवर लोक ओरडत होते, रडत होते, कोणी गात होतं. काकूने माझ्या कोटाच्या गुंड्या काढल्या, मला दोन्ही हातांनी धरलं आणि तापू लागलेल्या माझ्या बिडाच्या कपाळावर ओठ टेकले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्यापान्या वस्तूंना रंग लावा, गळतं ते वेळेवर दुरुस्त करा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. जे तुमच्या घरातून वाहतं, ते तुमच्या खालच्या घरातही जायचं असतं. ते अडवण्याआधी, चांगल्या हेतूने का होईना, एकदा खाली विचारून या.

ग्लेब परतला तेव्हा हातात गोठलेला मोठा मासा होता, मान खाली. त्याने आधी वळसा घालणारा नळ बसवला. भिंतीवर वाईट दिसतो, पण दिसू दे. मग नव्या दाराची किल्ली आणून माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला अडकवली. काकूने त्याला माशाचं कालवण वाढलं. आता कामावरून आला की तो ती किल्ली घ्यायला येतो. दर वेळी ती मुठीत धरून दारात क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "गरम आहे, काकू."