उरलेल्या गोळ्या

"तिसऱ्याच दिवशी गोळ्या बंद केल्या?" मी मेघावर ओरडलेच. चोपड्याजवळच्या उपकेंद्रात दहा वर्षं नर्स आहे, तरी असं ऐकलं की डोकं फिरतं. मेघाला सहावा महिना. अंगावरून वास येणारं पांढरं जात होतं, तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टरांनी बजावलं होतं, सात दिवस गोळ्या घे, नाहीतर दिवस भरायच्या आत कळा सुरू होऊ शकतात. आता परत तेच घेऊन आलेली.

"वास गेला होता, मॅडम. उरलेल्या जाऊबाईंना दिल्या. त्यांना दोन वर्षं हाच त्रास आहे."

"गोळ्या काय प्रसाद आहे वाटायला? त्यांना इथं आणायचं ना!"

मेघा खाली बघत म्हणाली, "त्यांना कोण आणणार? त्या कुठं गरोदर आहेत?"