काच वाहणाऱ्या माणसाचा पेसमेकर

मित्रांनो, मी आता जुना झालेला एक पेसमेकर आहे. एका काच बसवणाऱ्या माणसाच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत माझं घर आहे. काडेपेटीपेक्षाही लहान मी, पण माझ्यातून निघालेली बारीक तार थेट काळजापर्यंत पोचते. ते रेंगाळलं की त्याला हलकेच टोचायचं, हे माझं काम. घरातली मंडळी मला कौतुकाने ‘पाहुणा’ म्हणतात. वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेला पाहुणा!

माझा जन्म एका लख्ख खोलीत झाला. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या कामगारांनी भिंगातून बघत माझे तुकडे जोडले. धुळीचा कण जरी दिसला तरी ते सगळं पुन्हा तपासायचे. त्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत, पण त्या हातांचे उपकार मी विसरलेलो नाही.

मी काचवाल्यांच्या छातीत आलो तेव्हा त्यांचं काळीज फार लहरी झालं होतं. कधी ते उगाच उधळायचं, कधी मंदावून त्यांना भोवळ आणायचं. डॉक्टरांनी मला बसवलं आणि जोडीला रोजची एक गोळी दिली. मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. मी काळजाला टाच मारू शकतो, त्याचा लगाम ओढू शकत नाही. लगाम त्या गोळीच्या हाती. ती उधळणं आवरायची, पण तिच्यामुळे मेहनतीच्या वेळीही काळीज आपणहून वेग घेत नसे. तो वेग देणं माझ्याकडे होतं. अंग हललं की मला कळायचं, माणूस काम करतोय, आणि मी ठोके वाढवायचो.

निदान तशी माझी समजूत होती.

माझे काचवाले म्हणजे कसबी माणूस. भलीमोठी काच दोघांनी धरून जिन्याने न्यायची. वर ते, खाली त्यांचा धाकटा भाऊ. पाय चढायचे, पण कमरेच्या वरचं अंग तसूभर हलायचं नाही. डोक्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. सोबतचे लोक त्यांना ‘खांब’ म्हणायचे, आणि तेही ते नाव मिरवायचे.

आणि मी? अंग हलत नाही म्हणजे हे निवांत बसलेत, असं समजून मीही निवांत! उलट काच बसवून रिकाम्या हातांनी ते धाडधाड जिना उतरू लागले की मी जोरात कामाला लागायचो. टेम्पोत बसून खड्ड्यांतून जाताना तर विचारूच नका. गरज चढताना, आणि माझी धावपळ उतरताना. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

एकदा अर्ध्या जिन्यात त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. काच हातात आणि भाऊ खाली. दात घट्ट आवळून त्यांनी ती कशीबशी टेकवली. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, “त्या गोळीनेच माझ्यातला जोर गेलाय. उद्यापासून बंद.”

“अहो, काहीतरीच काय! आधी डॉक्टरांना विचारा.”

“विचारायचं काय त्यात? माझं अंग मला कळतं!”

मी घाबरलो. लगाम सुटला तर माझ्या टाचेचा काय उपयोग? पण मला तोंड नव्हतं. बायकोला होतं. ती रुसली, रागावली आणि शेवटी यजमानांना दवाखान्यात घेऊनच गेली.

तिथे माझी मापं लावणाऱ्या एक तरुण बाई होत्या. त्यांनी काचवाल्यांना लांब व्हरांड्यात चालायला लावलं. यजमान हात झुलवत ऐटीत चालले, मी ठोके वाढवले, पडद्यावर सगळं छान दिसलं. “काका, हा तर उत्तम चाललाय,” बाई म्हणाल्या. पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. “दम नेमका कधी लागतो?”

“काच नेताना.”

“आणि काच नेताना हे असे चालतच नाहीत,” बायको म्हणाली. “इथे नुसती मिरवणूक काढली त्यांनी!”

बाईंनी क्षणभर विचार केला. मग टेबलावरचे कागद बाजूला सारून वरची काच मोकळी केली. “काका, ही घ्या आणि जिना चढा. हळू, मी सोबत आहे.” ठोके दाखवणारं यंत्र हातात धरून त्या मागोमाग चढू लागल्या. काही पायऱ्यांतच त्यांनी थांबवलं आणि काच स्वतः धरली.

“काका, तुम्ही जिना चढताय आणि तुमच्या पेसमेकरला वाटतंय तुम्ही खुर्चीत बसलाय!”

काचवाले धापा टाकत हसले. “म्हणजे आपलं काम चोख आहे म्हणायचं.”

“इतकं चोख, की स्वतःच्या काळजालासुद्धा पत्ता लागू देत नाही,” बायको म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

मग बाईंनी छातीवर एक चकती ठेवून माझ्याशी बोलणं सुरू केलं. किती हललं तर जागं व्हायचं, किती झपाट्याने वाढायचं, कुठे थांबायचं. पहिल्या खेपेला मी इतका उतावळा झालो की यजमान नुसते खोकले तरी धावू लागलो. बाई कंटाळल्या नाहीत. माप बदलायचं, जिना चढवायचा, पुन्हा बदलायचं. असा चिवटपणा मी माझ्या जन्माच्या खोलीनंतर तिथेच पाहिला. डॉक्टरांनी सारं तपासलं आणि बजावलं, “गोळी आहे तशीच चालू ठेवायची. तिनेच तुम्हाला सांभाळलंय. आणि भोवळ आली तर काच खाली, मग बाकीचं.”

डॉक्टरांकडून पुन्हा काच उचलायची परवानगी मिळाल्यावर पहिलंच काम एका शाळेच्या वरच्या मजल्यावर होतं. पहिल्या पायरीवर त्यांचं अंग किंचित कललं. एवढंसंच! पण आता मला ते कळलं. मी वेग घेतला, रक्त पायांपर्यंत पोचलं. जिन्याच्या वळणावर भाऊ काळजीने म्हणाला, “दादा, थांबू या का?”

“का रे, तुला दम लागला?”

मित्रांनो, त्या दिवशी मला झालेला आनंद कशात मावणार नाही. काच खिडकीत बसली तेव्हा खोलीभर ऊन पसरलं होतं.

आता माझी बॅटरी संपत आलीय. लवकरच मला काढून नवा बसवतील. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण त्याच बाई माझी सगळी मापं त्याला शिकवणार आहेत, म्हणून काळजी नाही.

तुमच्या घरात कुणाच्या छातीत माझा भाऊबंद असेल, तर त्यांना एवढं सांगा. दवाखान्यात ऐटीत चालून दाखवू नका. रोज जे करता ते सांगा, ते करून दाखवा. दम लागला तर लपवू नका, आणि परस्पर गोळी तर मुळीच सोडू नका. काळजाला आवरणारं कुणी लागतं आणि पुढे नेणारंही कुणी लागतं. मी त्यातला फक्त एक होतो.