पांढरे एका रांगेत

जावई मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. पोरीला आवडला, तिनं केला, मी मूग गिळून बसलो. पण तो माझ्याच पागेत नवा शिक्षक म्हणून आला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. सव्वीस वर्षं पोलिसांचे घोडे आणि स्वार मी तयार केलेत. समारंभाच्या कवायतीत माझा एक घोडा कधी वाकडा गेला नाही. आणि हा कालचा माणूस मला सांगणार, "बाबा, जोड्या बदलू या. पांढरे एका रांगेत, तांबडे दुसऱ्या. मंचावरून बघा काय दिसेल."

दिसण्याचं मला सांगू नका. आमच्याकडं जोडी रंगावर लागत नाही, ठाणावर लागते. तबेल्यात जे दोन घोडे शेजारी बांधलेले, तेच कवायतीतही शेजारी. कापशी पांढरी, तिचा शेजारी तांबड्या. कापशीला मी शिंगरू असल्यापासून वाढवलं. रिकाम्या मैदानावर ती कुणाचंही ऐकते. पण बँड वाजला, लोक ओरडले, की तिला तांबड्या बाजूला लागतो. नसला तर ती त्याला शोधते. हे कुठं लिहिलेलं नाही, माझ्या डोक्यात आहे.

यंदाची कवायत नीट झाली तर माझी जागा जावयाला आणि मी घरी, असं वरून ठरलं होतं.

जावयानं जोड्या रंगावर लावल्याच. सराव बँडशिवाय झाले, त्यामुळे नीट झाले. समारंभाच्या आदल्या दिवशी मी कापशीला खरारा करत होतो, तेव्हा तो टोपी काढून समोर उभा राहिला.

"बाबा, तुम्ही रोज बघताय. काही चुकतंय का माझं? अजून बदलता येईल."

"छे हो, जावईबापू. तुमच्यापुढं आम्ही काय अक्कल पाजळणार?"

"खरं सांगा."

"काही चुकत नाही," मी म्हणालो.

याचं चारचौघांत नाक कापलं जावं, एवढंच मला हवं होतं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी दोन घास जास्तच जेवलो.

शेवटची आकृती कात्रीची. दोन रांगा समोरासमोरून दौडत येतात आणि एकमेकींच्या फटींतून आरपार जातात. कापशीवर जावई होता. ढोल सुरू झाले, लोक उभे राहून ओरडायला लागले. कापशीचे कान फिरलेले मला कठड्यापासून दिसले. समोरून तांबड्या आला आणि ती त्याच्या बाजूला जायला आडवी वळली. शेजारून दौडत येणाऱ्या घोड्याला थांबायला जागाच नव्हती, तो तिच्यावर आदळला.

जावई उडून बाजूला पडला. कोपर खरचटलं, बस्स. कापशी उठायला बघत होती आणि पुढचा डावा पाय तिच्याबरोबर उठत नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपला, माझ्याकडं बघून मान हलवली आणि पेटी उघडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती पलीकडं धरून ठेवलेल्या तांबड्याकडं बघत होती.

"त्याला आणा रे इकडं," मी म्हणालो.

आणला. त्यानं नाक लावलं तशी ती शांत झाली.

जावई हे सगळं बघत होता. तांबड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तोंडावर माती होती त्याच्या. वाटलं, आता शिव्या घालेल. घालाव्यात असंच मला वाटत होतं.

"बाबा, मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच तो म्हणाला.

डॉक्टर सुई भरत होते. मी कापशीचे डोळे हातानं झाकले.